तोलून आईस्क्रीम देणारे गुरलिंगअप्पा

"अप्पा, पाव किलो द्या. चार चमचे."

आईस्क्रीम असं मागायची रीत मी दुसऱ्या कुठल्या गावात पाहिली नाही. अंबाजोगाईत गुरलिंगअप्पांच्या दुकानात ती होती. मेडिकलची पोरं चार-चार मिळून यायची, पाव किलो सीताफळ घ्यायची, एकाच कागदी वाटीत चार लाकडी चमचे खुपसायची आणि बाहेरच्या फळीवर बसायची. अप्पा तराजूच्या एका पारड्यात रिकामी वाटी ठेवायचे, दुसऱ्या पारड्यात तशीच दुसरी रिकामी वाटी. मग वजन टाकायचं, मग माल. काटा बरोबर आला की वर अजून अर्धा चमचा. हा अर्धा चमचा कुणी मागायचा नाही आणि कुणाला चुकायचाही नाही.

मी एकदा विचारलं होतं, "अप्पा, सगळे स्कूपने देतात. तुम्ही का नाही?"

"स्कूपच्या पोटात हवा राहती वकीलसाहेब. अन् कंपनीच्या मालात तर निम्मी हवाच आसती. फुगिवत्यात त्यो. म्या हवेचे पैसे घेऊ काय?"

मी वकील नाही. जीएसटीची कागदपत्रं करून देणारा कर सल्लागार आहे. आधी सेल्स टॅक्सची करायचो. पण आमच्याकडे काळी बॅग घेऊन सरकारी कचेरीत जाणाऱ्या कुणालाही वकीलसाहेबच म्हणतात, आणि मीही कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. न बोलता गप्प राहायची सवय मला फार जुनी आहे. हे लिहायला बसलो तेव्हा ठरवलं होतं की फक्त अप्पांबद्दल लिहायचं. तीनदा सुरुवात करून कागद फाडले. माझं सोडून अप्पांचं लिहिता येत नाही असं दिसतं.

अप्पा ठेंगणे, रुंद, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. दुकानात आलेल्या प्रत्येकाला, मग तो कुणीही असो, "शरणार्थ" म्हणायचे. सीताफळाच्या दिवसांत त्यांच्या हाताची नखं काळी पडलेली असायची. डोंगरातलं सीताफळ पाडाला आलं की टोपल्याच्या टोपल्या घरी यायच्या, आणि अप्पा, त्यांची बायको शांताकाकू आणि गल्लीतल्या तीन-चार बाया मिळून गर काढायला बसायच्या. गरातली बी हातानेच काढायची, चाळणीवर घासायची नाही, हा अप्पांचा नियम. चाळणीवर घासलं की बी खरचटते आणि गराला कडवट वास लागतो, असं त्यांचं म्हणणं. मला तो वास कधी आला नाही. त्यांना यायचा. एकदा त्यांनी अख्खी बादली गर म्हशींना घातला होता, आणि काकू दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नव्हत्या.

दुकानात मागच्या बाजूला लाकडी पिंप होतं. त्यात डबा, डब्याभोवती बर्फ आणि खडे मीठ. आधी हाताने फिरवायचे, नंतर मोटर बसवली. पण शेवटची दहा मिनिटं अप्पा मोटर बंद करून स्वतः दांडा धरायचे. "मोटरीला थांबायचं कळत न्हाई," म्हणायचे. दांडा जड लागायला लागला की डोळे मिटायचे, कान पिंपाला लावल्यासारखी मान वाकडी करायचे आणि अचानक हात सोडायचे. झालं.

ही मोटर बसवली ती धाकट्या भावाने, मल्लिकार्जुनने. अप्पांपेक्षा बारा वर्षांनी लहान. वडील लवकर गेले, तेव्हा अप्पांनीच त्याला वाढवलं. दुकानात दोघे बरोबरच होते. मल्लिकार्जुनला मशीन आणायचं होतं, कंपनीचा माल ठेवायचा होता, रंगीत पाट्या लावायच्या होत्या. अप्पांना यातलं काहीच नको होतं. भांडण असं झालं नाही. एके दिवशी मल्लिकार्जुन म्हणाला, "दादा, मी घाटनांदूरला आपल्या जागेत कोल्ड्रिंकचं टाकतो," आणि अप्पा म्हणाले, "टाक." त्याने तिथे कंपनीच्या आईस्क्रीमची एजन्सी घेतली. पुढे दोन्ही घरांचं येणं-जाणं राहिलं, सणवार राहिले. फक्त आईस्क्रीम हा विषय दोघांच्यात निघायचा नाही. मल्लिकार्जुनच्या पोरी अंबाजोगाईला आल्या की अप्पा त्यांना तोलून न देता वाटी भरून द्यायचे. तेवढ्यापुरता तराजू बाजूला.

जीएसटी आला त्या वर्षी अप्पा माझ्या ऑफिसचा जिना चढून आले. काखेत प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात सगळे कागद. खुर्चीवर बसले नाहीत, बाकावर बसले.

"वकीलसाहेब, मला ते काय ते सोप्पं आसंल ते करून द्या. मला लिवायला वाचायला टाइम न्हाई."

सोपं म्हणजे कंपोझिशन. छोट्या धंदेवाल्याने विक्रीवर एक टक्का आपल्या खिशातून भरायचा, गिऱ्हाइकाकडून कर घ्यायचा नाही, फार कागद ठेवायचे नाहीत. त्या आठवड्यात मी असे साठेक अर्ज भरले असतील. वीज जायची, वेबसाइट बंद पडायची, जिन्यावर माणसं बसून राहायची. अर्जात खाली एक ओळ होती, की मी अमुक अमुक मालाचा उत्पादक नाही. मी साठही जणांच्या अर्जात तिथे टिक केली. तो अमुक अमुक माल कोणता, हे त्या दिवशी उघडून वाचलं नाही. किराणा, कापड, भांडी, हेच तर आमचे लोक. यातल्या कुणाला काय लागू होणार!

आणि अजून एक. मोबाइल नंबर आणि ई-मेलच्या रकान्यात मी माझाच नंबर, माझाच मेल टाकला. आमच्याकडचे सगळेच सल्लागार तसं करतात. ओटीपीसाठी दर वेळी माणसाला फोन कोण करणार? अप्पांनीही विचारलं नाही. त्या दिवसापासून सरकार अप्पांशी जे बोलणार होतं ते माझ्याच कानात बोलणार होतं.

सुरुवातीची तीन-चार वर्षं ठीक गेली. दर तीन महिन्यांनी अप्पा पैसे घेऊन यायचे. "भरलं का? पावती दावा." पावती इंग्रजीत. ती हातात घेऊन ते आकडा तेवढा बघायचे आणि घडी घालून टोपीत ठेवायचे. बिलबुकावरून मात्र एकदा पेटले होते. कंपोझिशनवाल्याने बिलाच्या डोक्यावर छापावं लागतं की हा व्यापारी कर आकारण्यास पात्र नाही. लग्नाच्या ऑर्डरींसाठी बिलबुक छापून आलं, आणि अप्पा ते घेऊन तडक माझ्याकडे.

"हे काय छापलंय? पात्र न्हाई?"

"अप्पा, कायद्याने लिहावं लागतं."

"आवो, माझ्याच बिलावर म्याच लिवू व्हय की म्या पात्र न्हाई म्हणून? लग्नातला इवाई बघंल ना बिल! म्हणंल कसल्या माणसाला ऑर्डर दिली."

मी तासभर समजावलं. शेवटी बिलबुक तसंच राहिलं, पण त्या ओळीखाली अप्पा प्रत्येक बिलावर पेनने लिहायचे, "पण माल चोख आहे." खाली सही. ती बिलं मी पाहिली आहेत. एकाही बिलावर ती ओळ चुकलेली नाही.

महागाईचंही त्यांचं असंच. दूध वाढलं, साखर वाढली, बर्फाची लादी वाढली, प्लॅस्टिकच्या वाट्यांवर बंदी आली आणि कागदाच्या दुप्पट पडायला लागल्या. दुकानाचं लाइट बिल तर दर उन्हाळ्यात डोळे फिरवायचं. सगळे वाटी लहान करत होते. काकूही म्हणाल्या, "अवो, तुमीबी वाटी जरा बारकी आणा, कुणाला कळतंय?" अप्पा म्हणाले, "पाव किलोला पाव किलोच म्हणत्यात." मग एकदा भाव वाढवायची वेळ आली. पावामागे दहा रुपये. अप्पांनी ते आठ दिवस गल्ल्यावर स्वतः उभं राहून, येणाऱ्या प्रत्येकाला कारण सांगून वाढवले.

"आता दूध बघा, मागल्या साली काय भाव होता, आज काय हाय. साखर..."

"अप्पा, द्या ना गुमान. वितळायलंय," पोरं ओरडायची.

"वितळू दे. ऐकून घे आधी. बरफाची लादी..."

एका पोराने तर म्हणे, "अप्पा, वीस जास्त घ्या पण भाषण नको," असं म्हटलं होतं. अप्पांनी त्याला दहाच जास्त लावले आणि भाषण पूर्ण ऐकवलं.

मग नोटीस आली. खरं म्हणजे ती दीड महिना आधीच आली होती, माझ्या मेलमध्ये, इतर दोनेकशे मेलच्या खाली. मी उघडली तेव्हा उत्तराची मुदत संपून गेली होती.

आईस्क्रीम बनवणाऱ्याला कंपोझिशन घेताच येत नाही. पहिल्या दिवसापासून घेता येत नव्हतं. ती जी ओळ मी वाचली नव्हती, तिच्यात तीच नावं होती. आता त्या सगळ्या वर्षांच्या विक्रीवर अठरा टक्के, वर व्याज, वर दंड.

मी अप्पांना बोलावलं. बाकावर बसले. मी सांगितलं. किती, हे दोनदा सांगावं लागलं.

"पर गिऱ्हाइकाकडून तर म्या कर घेतलाच न्हाई," अप्पा म्हणाले. "तुमीच म्हणलं, घ्यायचा न्हाई. घेतलाच न्हाई त्यो म्या कुठून देऊ?"

"नियमात आहे अप्पा. आईस्क्रीम, पानमसाला, तंबाखू, यांना ही सवलत नाही."

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "परत म्हणा."

"आईस्क्रीम, पानमसाला, तंबाखू."

"मला गुटख्यावाल्याच्या पंगतीला बसिवलं व्हय?" अप्पांनी आयुष्यात सुपारीसुद्धा खाल्ली नव्हती. पैशाचा आकडा ऐकून जे झालं नव्हतं ते यावर झालं. उठून उभे राहिले, परत बसले. "दूध, साखर, सीताफळ. यात तंबाकू कुठून आली?"

इथे मी म्हणायला हवं होतं, की अप्पा, हा नियम पहिल्यापासून होता, मी वाचला नाही. त्याऐवजी मी म्हणालो, "हल्ली नियम फार कडक केलेत." खोटं नव्हे असं वाटेल अशी वाक्यं मला येतात. धंद्यात शिकलो.

अप्पांनी टोपी परत डोक्यावर ठेवली. मग त्यांनी विचारलं, "अर्ज कुणाचा हाय?"

आमच्या भागात नोटीस आली की पहिला प्रश्न हाच. सरकार आपणहून आपल्यापर्यंत येतं यावर इथे कुणाचा विश्वास नाही. कुणीतरी तक्रारीचा अर्ज केला, कुणीतरी नाव सांगितलं, म्हणूनच साहेबाची नजर पडली. नोटिशीत स्पष्ट लिहिलं होतं की विवरणपत्रांच्या तपासणीत हे आढळलं. संगणकाने मालाचा कोड आणि योजना जुळवून बघितली, जुळली नाही. कुणाचाही अर्ज नव्हता. पण ते इंग्रजीत होतं, आणि कागद माझ्या हातात होता.

"मल्ल्याचा तर न्हाई?" अप्पा म्हणाले. स्वतःशीच म्हणाले खरं तर. "त्याला कंपनीचा माल हितं घालायचाय. मागं म्हणत होता, दादा, तुझ्यानं आता किती दिस व्हनार हे."

मी म्हणालो, "असेल. हल्ली कुणाचं काय सांगता येतं?"

एवढंच. ते वाक्य बाहेर पडलं तेव्हा मला हायसं वाटलं, हे मी लिहिलं पाहिजे. अप्पांची नजर माझ्यावरून हलून घाटनांदूरकडे गेली होती.

सुनावणीला आम्ही एसटीने बीडला गेलो. अप्पांच्या मांडीवर थर्मोकोलची पेटी. मी म्हटलं, "अप्पा, हे कशाला?" म्हणाले, "बगा तर." साहेब बरा माणूस होता. फाईल वाचून, काही सवलत बसते का बघतो म्हणाला, बसत नव्हती. तेव्हा अप्पांनी पेटी उघडली. बर्फ-मिठात घट्ट दाबलेला डबा, शेजारी वाटी, चमचा.

"आजोबा, मला घेता येत नाही. नियम आहे."

"फुकट न्हाई देत साहेब. चव घ्या."

"नाही घेता येत."

"मंग खाल्ल्याबिगर कसं ठरिवलं, तंबाकूच्या वळीत बसतंय म्हणून?"

साहेब हसला. मग हसू आवरून फाईलकडे बघू लागला. बाहेर आल्यावर अप्पांनी तो डबा कचेरीच्या पायरीवर बसलेल्या लोकांना वाटून टाकला. सगळ्यांना सारखा, अंदाजाने नाही, चमचे मोजून. खाणारी माणसं वा वा म्हणत होती आणि अप्पा प्रत्येकाला विचारत होते, "यात कायतरी वाईट लागतंय का? सांगा." मी पायरीखाली उभा होतो. मला एका जागी उभं राहवत नव्हतं. पानटपरीपर्यंत जायचो, परत यायचो.

काकूंचं थोडं सोनं आणि दुकानातले दोन मोठे फ्रीझर गेले. भरलं सगळं. नियमित कराखाली दुकान पुढे एक उन्हाळा चाललं. पावावर अठरा टक्के लावून अप्पांनी पुन्हा आठ दिवस गल्ल्यावर उभं राहून समजावलं, पण या वेळी ऐकायला कुणी थांबलं नाही. समोर कंपनीचा कप निम्म्या किमतीत मिळत होता. दिवाळीच्या आत दुकान बंद झालं. तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. जीएसटीची नोंद तेवढी माझ्याकडे चालू राहिली.

पण दुकान हे त्यातलं लहान नुकसान होतं. अप्पा म्हणायचेच, "दुकान काय, बापानं काढलं, म्या बंद केलं." मोठं वेगळंच झालं. अप्पांनी भावाशी बोलणं सोडलं. कारण सांगितलं नाही. भांडले नाहीत. फोन आला की काकूंकडे द्यायचे. मल्लिकार्जुनच्या थोरल्या पोरीचं लग्न ठरलं, तो बायकोला घेऊन पत्रिका द्यायला आला. शांताकाकूंनी मला नंतर सांगितलं: अप्पा खाटेवरून उठले नाहीत. पत्रिका हातात घेतली, वाचली, उशाशी ठेवली. "बरं," एवढं म्हणाले. मल्लिकार्जुन पाया पडला, तेव्हा पाय ओढून घेतले नाहीत आणि डोक्यावर हातही ठेवला नाही.

लग्नाला मला बोलावणं होतं. मी गेलो. का गेलो ठाऊक नाही. मांडवात थोरल्या चुलत्याच्या नावाचा पुकारा झाला, कुणी पुढे आलं नाही, भटजीसारखं काम बघणारे स्वामी क्षणभर थांबले आणि दुसऱ्या कुणाला तरी उभं केलं. पोरगी वाटेकडे बघत होती. जेवताना मल्लिकार्जुन माझ्या पानाशी आला, वाढप्याच्या हातातली बुंदी घेऊन स्वतः वाढली आणि खाली वाकून म्हणाला, "साहेब, तुमी दादाकडं जाता. माझं काय चुकलं, काय म्हणतोय का दादा?"

"तब्येत बरी नसेल," मी म्हणालो.

माझ्या पानात बुंदी होती. मी ती खाल्लीसुद्धा.

त्यानंतर दोन वर्षं मी अप्पांच्या गल्लीतून जाणं टाळत होतो. घरात बायको म्हणायची, तुम्हाला झालंय काय, जेवताना तीनदा उठता. मी म्हणायचो, कामाचा ताण. सांगायला जायचं ठरवायचो, गाडी काढायचो आणि बाजारात भाजी घेऊन परत यायचो. कधी वाटायचं, आता सांगून काय उपयोग. कधी वाटायचं, अप्पांनी आपणच संशय काढला होता, मी फक्त नाही म्हणालो नव्हतो. असे हिशेब मी स्वतःशी फार केले. एकही जुळला नाही.

मग गेल्या सीताफळाच्या हंगामात आईस्क्रीमवरचा कर अठरावरून पाचवर आला. सकाळी मोबाइलवर वाचलं. दिवसभर फोन येत होते, कुणाला टीव्हीचा दर हवा, कुणाला गाडीचा. मी चार वाजता ऑफिस बंद केलं आणि गेलो.

अप्पा ओसरीवर गर काढत बसले होते. एकच टोपली. दुकान नव्हतं तरी हंगामात एक डबा घरी करायचे, गल्लीत वाटायला. मला बघून "शरणार्थ" म्हणाले. मी दराचं सांगितलं.

"पाच?" ते म्हणाले. बी काढत राहिले. "आता पाच व्हय. म्हंजी तंबाकूच्या वळीतून काडलं म्हणायचं."

कंपोझिशन अजूनही मिळत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. जे सांगायला आलो होतो ते सांगितलं. सगळं, सलग. नियम पहिल्यापासून होता. मी वाचला नव्हता. नोटीस माझ्याकडे पडून होती. आणि अर्ज कुणाचाच नव्हता अप्पा, मल्लिकार्जुनचा नव्हता, मला त्याच दिवशी माहीत होतं.

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. अप्पांच्या हातातलं फळ तसंच राहिलं.

"अर्जात चूक झाली, झाली," ते म्हणाले. "माणूस हाय. माझाबी एक डबा खारट झालता यकदा, सगळ्या लग्नानं खाल्ला." थांबले. "पर म्या इचारलं तवा तुमी 'असेल' म्हणलं. कावून म्हणलं?"

भीती वाटली, असं काहीतरी पुटपुटलो.

"माझी?"

"तुम्ही फाईल काढून न्याल, चार लोकांत सांगाल..."

"म्या?" अप्पांनी काकूंकडे बघितलं, जणू ह्या माणसाला हे कुणीतरी समजावून सांगा. मग हात धुतले, टोपी घातली. "चला. गाडी आणलीय ना? घाटनांदूरला चला. म्या यकट्यानं सांगितलं तर त्यो म्हणंल, दादा आता सारवासारव करायलाय. तुमच्या तोंडानं सांगा."

अर्धा तास ते माझ्या मागे बसले होते. माझ्या खांद्याला धरायचं टाळून मागची कडी धरली होती, ते मला खड्ड्यांत कळत होतं.

मल्लिकार्जुन दुकानात होता. दादाला बघून गल्ल्यावरून उठला, पुढे आला आणि मध्येच थांबला. मी तिथेच, गिऱ्हाइकं उभी असताना, सांगितलं. या वेळी ते आणखी लहान झालं, चार वाक्यांत संपलं. मला वाटलं होतं तो माझ्या अंगावर येईल. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही.

"या मानसानं म्हणलं," तो भावाला म्हणाला, "अन् तू मानलंस?"

अप्पांनी गल्ल्याच्या कडेला हात टेकवला.

"हा मानूस किती वर्साचा वळखीचा हाय तुझ्या? अन् म्या किती?"

"मानलं खरं," अप्पा म्हणाले. "माझ्याच मनात आलतं आधी. ह्यांनी नुसतं व्हय म्हणलं."

"पोरगी मांडवात वाट बघत व्हती दादा."

अप्पा दुकानातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले. गिऱ्हाइकं हळूहळू निघून गेली. मला कुणी बस म्हणालं नाही, जा म्हणालं नाही. थोड्या वेळाने अप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझी फाईल काकूकडं देऊन टाका. अन् ते नंबर माझा टाका कायतरी करून. म्या बघीन आता." मी हो म्हणालो. दोन दिवसांनी मी ते सगळं केलं. त्यानंतर ते माझ्याकडे आले नाहीत, आणि कुणाकडे गेले ते मी विचारलं नाही.

मी गाडीपाशी आलो. गाडी सुरू करायचा आवाज त्या वेळी करवेना म्हणून तशीच ढकलत थोडी पुढे नेली आणि मागे वळून बघितलं. अप्पा काहीतरी म्हणाले होते. बहुतेक म्हणाले असावेत, लग्नाचे फोटो दाव. मल्लिकार्जुनने खिशातून मोबाइल काढला, हातात दिला नाही, गल्ल्यावर ठेवला आणि रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. अप्पा चष्मा लावून मोबाइलवर वाकले. एक फोटो पाहिला. पुढचा कसा आणायचा ते त्यांना येत नव्हतं. काचेवर नख टेकवून नुसतेच बसले.

मल्लिकार्जुन रस्त्याकडेच बघत होता. तसंच बघत त्याने हात मागे नेला आणि एका बोटाने फोटो पुढे सरकवला. थोड्या वेळाने परत एकदा. मग परत.